फुंकणीचा जोर

११ जानेवारी

आशीर्वाद घे. पोरगं रागावून गेलं म्हणून आशीर्वाद थांबवायचे असतात, असं मला कुणी शिकवलेलं नाही.

तुझा पत्ता माझ्याकडे कुठून आला, हेच तुझ्या मनात आधी येईल. मास्तरांनी दिला. आईबापांना दोन ओळी खरडायला तुला वेळ नव्हता, पण शेजारच्या शिंप्याला लिहायला होता, आणि त्या भल्या माणसाच्या पोटात काही राहत नसे. कापडाच्या एका चिंधीवर निळ्या खडूने पत्ता लिहून त्यांनी ती माझ्या हातात कोंबली. म्हणाले, एवढ्यात यांना दाखवू नका, मी हळूहळू मऊ करतो त्यांना. चिंधी मी सुयांच्या डबीत ठेवली होती. खडू पुसट झालाय, घराचा आकडा तीन की आठ ते लागत नाही, म्हणून मी गोदीच्या पत्त्यावर टाकते आहे. बुडी मारणाऱ्यांच्या टाक्यांत हवा भरणारा, एवढ्यावर तू सापडशील अशी आशा.

आता लिहायलाच हवं. मास्तर गेले रे. आपल्या दुकानात, तुझ्या बाबांच्या हातून गेले. बाबा तुरुंगात आहेत.

तुला आठवतं ना त्या दोघांचं कसं चालायचं? छऱ्याची बंदूक दुरुस्तीला आली की बाबा नाक मुरडायचे, फुंकणी म्हणायचे, पण काम चोख करायचे. वायसर बदलून झाला की हवा नीट लागते का हे बघायला भिंतीवर ठकठक करून मास्तरांना बोलवायचे. मास्तरांची बोटं सुया टोचून टोचून मेलेली, हाताला वारा कळायचा नाही, म्हणून ते गाल पुढे करायचे. न्हाव्यासमोर बसल्यासारखे डोळे मिटून. बाबा रिकामी बंदूक उडवायचे, फुस्स करून हवा गालावर यायची, आणि मास्तर निकाल द्यायचे, वारा बरा आहे पण पावसाची चिन्हं नाहीत. किती वर्षं तोच विनोद, आणि दोघं दर वेळी नवा असल्यासारखे हसायचे. मी आत भांडी घासताना मनात म्हणायची, यांना कधी मोठं व्हायचंय की नाही.

त्या दुपारीही भिंतीवर ठकठक झाली. पण बंदूक गिऱ्हाइकाची नव्हती. तुझी होती, वरच्या फळीवरची, हवेची टाकी लावलेली.

तू गेल्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता. मी धूळ पुसायला गेले तरी हे म्हणायचे, राहू दे ती. पण मास्तर महिनाभर मागे लागले होते. पोराशी बोलायचं असेल तर आधी पोराची बंदूक शिका, म्हणजे बोलायला काहीतरी होईल, असं त्यांचं म्हणणं. म्हणून बाबांनी त्या दिवशी तोंड वाकडं करत ती खाली काढली. मी हे अशासाठी सांगते की ती रागाने काढलेली नव्हती.

त्यांनी त्यांच्या पद्धतीने तपासली. नळी जमिनीकडे केली, बोल्ट मागे ओढला. आयुष्यभर काडतुसाच्या बंदुका हाताळलेला हात. बोल्ट ओढला की आत काही असेल ते बाहेर उडतं आणि फरशीवर टण् करून पडतं. काही पडलं नाही म्हणजे रिकामी. काही पडलं नाही. तुझ्या बंदुकीत छर्रा एकदा नळीत ढकलला की बोल्ट ओढून तो बाहेर येत नाही, आतच बसून राहतो, हे त्यांच्या हाताला ठाऊक नव्हतं. टाकीवरचा हवेचा दाब दाखवणारा काटा वर होता. हे म्हणाले, काटा अडकलाय, इतके दिवस हवा कशी टिकेल. आणि मास्तरांनी गाल पुढे केला.

मी आवाज ऐकला. मोठा नव्हताच. जाडसं पुस्तक जमिनीवर आपटावं तेवढा. आणि नंतर हसण्याचा आवाज आला नाही, म्हणून मी बाहेर आले.

डोळ्याच्या खाली लागलं होतं. दवाखान्यात नेलं, पण मास्तर शुद्धीवर आलेच नाहीत.

आता पोलीस काय म्हणतात ते ऐक. ते म्हणतात, हवेच्या बंदुकीने धडधाकट माणूस मरत नाही. तुझ्या बाबांनी खऱ्या बंदुकीने मारलं आणि पुढे ही फुंकणी केली. डोक्यातून काढलेलं शिसं हाडावर आपटून त्याचे तुकडे झाले होते. छऱ्याचं शिसं आणि लहान काडतुसाचं शिसं जाडीला सारखंच, आणि दुकानात तसल्या लहान रायफली पाच-सहा. त्या दिवशी सकाळी यांनी त्यातली एक वाळूच्या पेटीत उडवून बघितली होती, म्हणजे हाताला दारूही सापडली. आणि सगळी गल्ली साक्षीला आहे की हे मास्तरांना ओरडून म्हणायचे, मास्तर, एक दिवस तुला गोळी घालतो. मास्तर उत्तर द्यायचे, आधी माझी कात्री परत करा मग घाला. ते उत्तर कुणी सांगत नाही.

म्हणून हे पत्र. आपल्या बाजूने बोलायला कुणी नाही. ती बंदूक काय करू शकते ते जगात एकट्या तुला माहीत आहे, तूच तिचा जोर वाढवला होतास. ये, कोर्टात उभा राहा आणि सांग की ही बंदूक माणूस मारू शकते. एवढंच. बाकी तुला काही करायचं नाही.

बापासाठी येत नसशील तर मास्तरांसाठी ये.

तुझी आई


२ फेब्रुवारी

उत्तर नाही. पत्र पोचलं नसेल असं धरून चालते, कारण पोचूनही तू गप्प असशील तर मला तुझ्याविषयी काय वाटायला हवं ते मला वाटून घ्यायचं नाही.

सरकारी तज्ज्ञाने बंदूक तपासली. वकिलाने मला समोर बसवून सगळं वाचून दाखवलं. पोलिसांनी ती नेताना टाकीतली हवा सोडून दिली, धोका नको म्हणून. मग तज्ज्ञांच्या कचेरीत नियम असा की वस्तू मूळ स्थितीत तपासायची, म्हणून जोर वाढवायला तू फिरवलेला तो मागचा स्क्रू त्यांनी कारखान्याच्या खुणेवर आणून ठेवला. मग हातपंपाने हवा भरली. पंप मारणारा दमला असेल तिथे थांबला असेल. आणि लाकडाच्या फळीवर मारून बघितली. छर्रा फळीत रुतला, पार गेला नाही. निष्कर्ष काय, तर या बंदुकीने कवटीचं हाड फुटणं संभवत नाही. जखमेवर जळल्याची खूण नाही, म्हणजे काडतुसाच्या बंदुकीने, चार हात लांबून, नेम धरून मारलं असावं. वाचताना वकिलाने माझ्याकडे बघितलं नाही.

मी त्याला म्हटलं, अहो, काडतुसाचा जोर काडतुसात बंद असतो. एकाच पेटीतली काडतुसं आज उडवा नाहीतर वर्षाने, तेवढाच जोर. हवेच्या बंदुकीत जोर भरणाऱ्याचा. कुणी किती भरली, स्क्रू किती पिळला, त्यावर सगळं. हवा सोडून दिली की मागे काय राहणार? डाळ शिजवून खाल्ल्यावर रिकाम्या कुकरला हात लावून शिट्ट्या किती झाल्या ते सांगता येतं का? तो म्हणाला, बाई, हे तुम्हाला कुणी सांगितलं? म्हटलं, माझ्या मुलाने. जेवणाच्या ताटावर. रोज. नवरा आणि मुलगा एकाच गोष्टीवर भांडत बसले की मधल्या बाईला सगळं शिक्षण फुकट मिळतं.

बाबांचं गणित तुला पाठच आहे. साध्या छऱ्याच्या बंदुकीचा जोर एक धरा, सगळ्यात लहान काडतुसाचा दहा, आणि शिकारीच्या रायफलीचा दोनशे. मग म्हणायचे, एक आणि दोनशे यांना एकच नाव देणाऱ्याला अक्कल किती असेल? तू म्हणायचास, बाबा, माणसाचं कातडं गणित करत नाही, त्याला एकही पुरतो, आणि माझी आता एकवर नाही, चारवर आहे. ते हसायचे. त्यांचं ते हसणं मला कधीच आवडलं नाही. तुझं तोंड लहान व्हायचं.

तू गेलास त्या दिवशीचं आठवतं का? मला तर आता दुसरं काही आठवतच नाही. दुकानात गिऱ्हाइकं उभी होती. बंदुकीचा जोर बघायची बाबांची पद्धत म्हणजे कपडे धुण्याच्या साबणाच्या वड्या एकामागे एक उभ्या करायच्या आणि गोळी कितवीत थांबते ते बघायचं. छर्रा पहिल्या वडीतच थांबतो, असा त्यांचा शब्द. तू तुझी बंदूक मारलीस आणि छर्रा पहिली वडी फोडून दुसरीत गेला. सगळे बघत होते. आणि बाबा काय म्हणाले? साबण मऊ होता.

अरे, मऊ नव्हता. मी विकत आणलेला साबण, मला नाही माहीत? तू मला म्हणालास, आई, आतून नवी वडी आण, कोरडी आण. मी घेऊन आले तर तू दुसरा छर्रा भरून, बोल्ट पुढे ढकलून, तयार बसला होतास. आणि तेवढ्यात ते गिऱ्हाइकांना म्हणाले, अहो, पोरगा मोठा झाला तरी खेळणं सुटत नाही, खेळणं आहे ते. सगळे हसले. तू उठलास, बंदूक वरच्या फळीवर ठेवलीस आणि निघून गेलास. मी साबणाची वडी हातात धरून उभी.

त्या वडीने मी नंतर कपडे धुतले. काय करणार.

भेटायला गेले की बाबा जाळीच्या पलीकडे बसतात आणि काम नसल्यामुळे त्यांचे हात मांडीवर नुसते पडलेले असतात. मला एकच विचारतात, दुकानातल्या बंदुकांना तेल कोण देतंय. बंदुका पोलीस घेऊन गेलेत हे मी तीनदा सांगितलं.

लिही रे. शिव्या लिही, पण लिही.

तुझी आई


१७ फेब्रुवारी

हे पत्र माझ्या मनाविरुद्ध लिहिते आहे. पण तू आलास आणि दारातच तुला दुसऱ्याकडून कळलं, तर तू माझं तोंड बघणार नाहीस.

पहिल्या पत्रात लिहिलं की येऊन एवढंच सांग, बाकी काही करायचं नाही. ते खोटं होतं. वकिलाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मुलगा आला तर मुलगा अडकणार. ठरलेल्या मर्यादेच्या वर जोर नेला की हवेच्या बंदुकीलाही खऱ्या बंदुकीचा परवाना लागतो, तो तुझ्याकडे नव्हता. आणि भरलेली बंदूक, जिथे चार माणसं येतात-जातात अशा दुकानात फळीवर ठेवून गेलास, माणूस मेला. तुला आत घेतील. किती वर्षं ते तो सांगू शकत नाही. पण बाबा सुटतील, असं त्याला वाटतं, कारण मग तो अपघात ठरेल.

हो, तोच छर्रा, तू त्या दिवशी भरून ठेवलेला. तुला पहिल्याच पत्रात कळलं असेल, माझ्यापेक्षा आधी. मी किती दिवस स्वतःला सांगत होते की नंतर कुणीतरी घातला असेल. कोण घालणार? यांनी तर तिच्याकडे बघायचंसुद्धा सोडलं होतं.

मी तुला दोष देत नाही. म्हणजे, देते, सकाळी उठल्यावर थोडा वेळ देते. मग बाबांना देते, मग मास्तरांना, की तुम्हाला कुणी सांगितलं होतं मध्ये पडायला. त्यांना दोष दिला की मलाच रडू येतं, कारण आमच्या घरात आमच्यासाठी मध्ये पडणारं दुसरं होतंच कोण.

मास्तर गेल्यापासून काकू माझ्याशी बोलत नाहीत. इतकी वर्षं एका भिंतीला दोन्हीकडून पाठ टेकून बसलो आम्ही. मास्तरांचं मशीन त्यांनी विकलं नाही, कुणाला तरी चालवायला दिलंय, आणि दिवसभर ते चालतं. पहिल्या दिवशी चाललं तेव्हा मी चहाचं पाणी ठेवायला उठले, मास्तर येतील म्हणून.

बाबांना तुला पत्र लिहिल्याचं सांगितलं नव्हतं. परवा सांगितलं. मांडीवरचे हात उचलून जाळीवर ठेवले. मग म्हणाले, त्याला यात ओढायचं नाही. मी म्हटलं, मग तुम्ही सांगा ना कोर्टाला, की छर्रा त्याने ठेवला होता, तुम्हाला ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, बंदूक माझ्या हातात होती. बोल्ट ओढून रिकामी ठरवली ती मी. दुसऱ्या कुणाचं नाव येत नाही त्यात. वकिलालाही त्यांनी एवढंच सांगितलंय, मी बघितली होती, रिकामी वाटली. छर्रा कुठून आला विचारलं की मान खाली घालतात.

म्हणजे एक जण माझ्या पोटचा आणि एक जण ज्याच्याबरोबर मी जन्म काढला तो, आणि यातला एक मला आत टाकायचा आहे. मी काही देवमाणूस नाही. मला दोघं बाहेर हवे आहेत. ते होणार नाही, एवढं आता कळलंय.

तू ठरव. मी यावेळी ये असं लिहीत नाही.

आई


५ मार्च

तुझं पत्र आलं. पोस्टमन गेल्यावर मी ते दुकानाच्या बाकावर बसून वाचलं, जिथे मास्तर बसायचे. सगळं वाचलं. पहिली दोन पत्रं तुला एकदमच मिळाली, तू तेव्हा बोटीवर होतास, हे वाचून छातीवरचा धोंडा उतरला. मी तुझ्याविषयी काय काय समजून बसले होते, ते जाऊ दे.

तू लिहितोस, मी येतो, स्क्रू किती फिरवला होता ते मला पक्कं आठवतं, टाकी भरून सगळ्यांसमोर मारून दाखवतो, आणि छर्रा मीच ठेवला होता हेही सांगतो. खाली लिहिलंस, आई, मी तो विसरलो नव्हतो, दारातून बाहेर पडतानाच आठवला होता, पण परत फिरलो असतो तर ते पुन्हा हसले असते. ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. किती साधी गोष्ट रे. चार पावलं मागे यायचं होतं. पण मीसुद्धा त्या हसण्यासमोर परत फिरले नसते, हे खरं सांगते.

पत्र घेऊन तशीच बाबांकडे गेले. तिथे पत्र आत देऊ देत नाहीत, म्हणून जाळीतून मोठ्याने वाचून दाखवलं. ती शेवटची ओळ मी गाळणार होते. पण यांना माझा आवाज कळतो, म्हणाले, काहीतरी सोडलंस, वाच. वाचली.

त्यांनी कपाळ जाळीला टेकवलं. मग विचारलं, अक्षर सुधारलंय का त्याचं? मी म्हटलं, हो, गोल काढतो आता. म्हणाले, बरं झालं. मग विचारलं, कधी येतोय. मी सांगितलं, बोटीवरचा हिशोब उरकून महिन्याच्या मध्याला निघेन म्हणतो. पुढची तारीख कधी ते त्यांनी शिपायाला विचारलं. तारीख तू निघण्याच्या आधीची होती.

इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा जरा बरा दिसला. मला वाटलं, पोरगा येतोय म्हणून. घरी येऊन मी तुझी गादी उन्हात टाकली. मूर्ख बाई.

आई


१२ मार्च

हे पत्र तुला निघण्याआधी मिळावं म्हणून जास्तीची तिकिटं लावून पाठवते आहे.

आज तारीख होती. तज्ज्ञाची साक्ष झाली, फळीत रुतलेल्या छऱ्याची. मग आपला वकील उठायच्या आत बाबांनी हात वर केला आणि म्हणाले, मला बोलायचंय. वकिलाने त्यांच्या बाहीला धरून खाली बसवायचा प्रयत्न केला, पण ते उभेच. न्यायाधीशांनी बोलू दिलं.

ते म्हणाले, मास्तरांना मी मारलं. भिंतीवरून आमचं भांडण झालं होतं, रागाच्या भरात कोपऱ्यातली लहान रायफल उचलली आणि मारली. हवेची बंदूक नंतर हातात घेतली, सुटायला.

सरकारी वकील उठला. त्यालाही ते फार सोपं वाटलं असणार, कारण त्याने खोदून विचारलं. म्हणाला, तुम्ही जन्मभर बंदुका दुरुस्त केल्यात, तुमच्याइतकं या गावात कुणाला कळत नाही. मग तुम्हीच सांगा, त्या हवेच्या बंदुकीने माणूस मरू शकला असता का?

तुझ्या बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग मान वळवून म्हणाले, "नाही साहेब. खेळणं आहे ते."

त्याच सुरात. अगदी त्याच सुरात, जसे गिऱ्हाइकांसमोर म्हणाले होते. आणि सगळ्यांनी लगेच विश्वास ठेवला, कारण ते खोटं बोलत नाहीत हे सगळ्यांना माहीत आहे. एक आणि दहा आणि दोनशे, सगळं त्यांनी समजावून सांगितलं, लिहून घेणाऱ्याला दोनदा थांबून सांगितलं. मी उठून ओरडायला हवं होतं. उठले असते तर तुझं नाव घ्यावं लागलं असतं.

नेताना दारात मला दोन मिनिटं दिली. मी त्यांची कॉलर धरली, शिपाई बघत असताना. म्हटलं, मास्तरांना मारणारा म्हणून मरणार का तुम्ही? ते म्हणाले, त्याला लिही, येऊ नकोस. आता आलास तरी कुणी ऐकणार नाही, बापानेच सांगितलंय की ते खेळणं आहे. मग थांबून म्हणाले, आणि हेही लिही की साबण मऊ नव्हता.

हे त्यांचं सगळं लिहून झालं. आता जे राहिलं ते माझं.

कोर्टातून घरी आले आणि दिवा न लावता बसले होते, तर काकू आल्या. त्या दिवसापासून पहिल्यांदा. मागच्या दाराने, नेहमीसारख्या. मला वाटलं आता या मला शिव्या देतील, आणि बरं वाटलं असतं. त्या समोर बसल्या. मी सवयीने चहा ठेवला, त्यांनी सवयीने घेतला. मग म्हणाल्या, वहिनी, मी गेले दोन महिने भावजींना खुनी म्हणत होते. पोलिसांनी सांगितलं ते मी धरून बसले. पण आज त्यांनी स्वतः ते बोलल्यावर मला पहिल्यांदा पटेना. भिंतीवरून भांडण कसलं? त्या मधल्या भिंतीला तर दोघं मिळून चुना लावायचे. माझा नवरा त्यांच्यासमोर गाल पुढे करायचा, मला घरी येऊन सांगायचा, आज वारा बरा होता. मला वाटतं तो तसाच गेला. डोळे मिटून, हसत. खरं काय ते मला सांगा. मी कुणाला सांगणार नाही. मला फक्त एवढं हवंय की त्याला त्याच्या मित्राने मारलं नाही.

त्यांनी माझा हात धरला होता. नवऱ्याचं मशीन शिकताहेत वाटतं, बोटाला सुई टोचल्याच्या खुणा होत्या.

मी सांगू शकले असते. मागे कुणी नव्हतं. पण मग त्या विचारणार, छर्रा कुठून आला. आणि काकूंना मी ओळखते, त्यांच्याही पोटात काही राहत नाही, मास्तरांसारखंच. उद्या त्या भावजींना सोडवायला कोर्टात जाऊन उभ्या राहतील, तुझं नाव घेऊन.

मी म्हटलं, "नाही वहिनी. यांनी सांगितलं तेच खरं आहे. यांनी मारलं त्यांना. मी बघितलं."

त्यांनी माझा हात लगेच सोडला नाही. हळूहळू सोडला. मग उठल्या, आपला कप मोरीत नेऊन धुतला, पालथा घातला, आणि मागच्या दाराने गेल्या. थोड्या वेळाने पलीकडे मशीन सुरू झालं आणि मध्येच थांबलं.

तू ये किंवा येऊ नकोस, मी आता काही म्हणत नाही. आलास तर फळी रिकामी आहे, दुकान रिकामं आहे, गादी उन्हं देऊन ठेवली आहे. पण आलास तर आधी काकूंकडे जा. माझ्याने आता त्या दारात उभं राहवणार नाही.

आई